बीड पाहायला जाताना

बीड हे वाळवंट नव्हे, पण पर्जन्यछायेतलं, टंचाई सोसलेलं शहर. आणि इथला सर्वांत देखणा वारसा पाण्याचाच! म्हणून शहराबाहेरची खजाना विहीर आधी पाहावी. निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास सलाबतखानाने ती बांधवली. तिचं पाणी मोटेशिवाय, केवळ जमिनीच्या उतारावर, भुयारी कालव्यातून शेतांकडे जाईल अशी ही रचना. चारशे वर्षांपूर्वीचं हे गणित आजही थक्क करतं.

मग कुंडाच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी असते. शिल्पं निवांत न्याहाळायची तर दुसरा दिवस निवडावा.

१७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून रेल्वेही बीडला येते. उन्हाळा टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बेत आखा.