क्रीडापटूंच्या ग्रीक मूर्ती आणि त्यांच्या प्रतिकृती

कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. (चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी ती ही नव्हे.) विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात तेथे सातवाहनकालीन वस्तूंबरोबर पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची लहानशी ब्राँझमूर्ती सापडली. ती रोमन व्यापारातून इकडे आली. लिसिपस या ग्रीक मूर्तिकाराने घडविलेल्या पोसायडनच्या धर्तीवर ती रोमन काळात तयार झाली, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात मिळालेला हा नमुनाही मूळ नव्हे, प्रतिकृतीच होय.

याच लिसिपसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका क्रीडापटूची प्रसिद्ध मूर्ती घडविली. आपले मल्ल अंगाला तेल लावतात व तांबड्या मातीत उतरतात; ग्रीक क्रीडापटूही तेल लावून खेळत. खेळ संपल्यावर अंगावरील तेल व धूळ ते वाकड्या धातूच्या पट्टीने खरवडून काढीत. लिसिपसने नेमका हाच क्षण टिपला. रोमचा सम्राट टायबेरियस याने ती मूर्ती सार्वजनिक स्नानगृहासमोरून स्वतःच्या शयनगृहात हलविली. तेव्हा लोकांनी भर नाट्यगृहात ओरडा केला व त्याला ती परत ठेवणे भाग पडले, असे प्लिनी सांगतो.

ती ब्राँझची मूर्ती आज नाही. धातूला मोल असल्याने अशा बहुतेक मूर्ती पुढे मोडीत गेल्या व वितळल्या. १८४९ साली रोममध्ये सापडलेली व आता व्हॅटिकनमध्ये असलेली मूर्ती संगमरवरी रोमन प्रतिकृती आहे. मायरनचा थाळीफेक करणारा व पॉलिक्लिटसचा भालाधारी यांनाही आपण अशा प्रतिकृतींवरूनच ओळखतो.

प्रतिकृती ओळखण्याची एक खूण मुलांना सहज दाखविता येईल. ब्राँझ आतून पोकळ व चिवट असल्याने मूर्ती दोन पायांवर उभी राहते. संगमरवर जड व ठिसूळ. म्हणून पायाशी झाडाच्या खोडाचा आधार कोरावा लागतो. खेळाच्या मैदानात हे खोड कोठून आले, असा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा.

शिक्षकबंधुभगिनींनी असे चित्र दाखविताना केवळ ‘ग्रीक मूर्ती’ एवढेच सांगून थांबू नये. मूळ कोणाचे, ते कशाचे होते आणि समोर आहे ते कोणी, केव्हा घडविले, हे तीन प्रश्न मुलांना लावून द्यावेत. वस्तू पाहून विचारण्याची सवय लागली, तर इतिहासाचा पाठ सार्थकी लागला असे समजावे.