फुल क्रीम कृष्णाकाठ!

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? थेट सांगून टाकते: सातारा-सांगलीच्या साध्या घरातलं रोजचं ताट हे एक नंबर हेल्थ फूड आहे. प्रोटीन पावडरचे डबे आणि इम्पोर्टेड योगर्ट जरा बाजूला सारा. गोठ्यापासून चुलीपर्यंत एक झक्कास फेरी मारू. निघायचं?

पहिला स्टॉप, दूध-भाकरी! माहीत आहे का, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी ही पोषणाच्या दुनियेतली सुपरहिट जोडी आहे? ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि दुधात ते भरपूर. एकाचं उणं दुसऱ्यानं भरून काढलं. माण-खटाव असो की जत-आटपाडी, आजीनं लायसिनचं नावही ऐकलेलं नसायचं. पण नातवाच्या वाटीत कॉम्बिनेशन अगदी परफेक्ट पडायचं. दुधात साखर नाही, दुधात भाकरी!

त्याच ज्वारीचा दुसरा अवतार म्हणजे ताक-कण्या. ज्वारी जाडसर भरडायची, पाण्यात मऊ शिजवायची, निवली की वर ताक आणि मीठ. तोंडी लावायला कच्चा कांदा. एप्रिलच्या उन्हात रानातून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि पोटभर जेवण एकाच थाळीत! याला आज ‘वन बोल मील’ म्हणतात आणि शहरात त्याचे पैसे घेतात.

आता जरा तिखट होऊ या. खर्डा खाऊन कान लाल झाल्यावर तुम्ही पाण्याचा तांब्या उचलता ना? चूक! मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळतच नाही. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन मात्र त्याला पकडून जिभेवरून घेऊन जातं. म्हणून भाकरीवर खर्ड्याशेजारी दह्याचा गोळा असतो. ती शोभेची वस्तू नव्हे, ती फायर ब्रिगेड आहे.

माहीत आहे का, लोणी काढायला पहाटच का गाठायची? कारण लोणी तापमानाच्या बाबतीत फार नाजूक! हवा गरम असेल तर स्निग्धांश पातळ होतो आणि गोळा धरत नाही. म्हणून उजाडायच्या आत डेऱ्यात विरजलेली साय, रवीला दोरी आणि घुसळण सुरू. आधी आवाज जड येतो, घट्ट घट्ट. मग फेस चढतो. मग एका क्षणी आवाज बदलतो, पातळ आणि मोकळा होतो. डेऱ्याच्या कडेला राईएवढे पिवळसर-पांढरे कण चिकटायला लागतात. त्यावर गार पाण्याचा शिपका मारला की कण एकमेकांना शोधत येतात आणि हाताशी मऊ गोळा जमतो. खाली उरतं ते ताक, म्हणजे बहुतेक सगळी चरबी काढून घेतलेलं, कॅल्शियम आणि प्रथिनं तशीच राखलेलं पेय. लो-फॅट ड्रिंक म्हणतात ते हेच! आणि तूप कढवल्यावर तळाशी राहणारी खरपूस बेरी? तिच्यावर साखर भुरभुरून भांडं पुसून खाण्याचा हक्क घरातल्या सगळ्यात धाकट्याचा. यावर वाद नको.

म्हशीचं दूध पांढरंशुभ्र आणि गाईचं जरा पिवळसर का? गाईच्या दुधात थोडं बीटा-कॅरोटीन उतरतं. म्हैस मात्र त्याचं आधीच अ-जीवनसत्त्व करून टाकते. रंग गेला, गुण राहिला. शिवाय म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण 7 टक्के, गाईच्या दुधात 4 च्या आसपास. इटलीतलं जगप्रसिद्ध मोझ्झारेल्ला चीजही मुळात म्हशीच्याच दुधाचं. म्हणजे पिझ्झाचीही गोठ्याशी सोयरीक निघाली की!

आणि आपली पंढरपुरी म्हैस तर स्टाइलमध्ये सगळ्यांच्या पुढे. तिची शिंगं मीटरभर, कधी त्याहूनही लांब, पाठीवरून मागे गेलेली. गोठ्याचं दार रुंद लागतं ते उगाच नाही.

गाईंमध्ये या भागाची शान म्हणजे खिल्लार. तिच्या उपप्रकारांची नावं ऐका: आटपाडी महाल आणि म्हसवड. एक सांगलीचं, एक साताऱ्याचं. खिल्लार दूध बेताचंच देते, कारण ही जात घडली ती नांगर-गाडीच्या ताकदीसाठी. आषाढात बेंदराला बैलांना पुरणपोळी का भरवतात, हे या जातीचा बैल पाहिला की लगेच कळतं.

ताकदीचा विषय निघालाच आहे, तर कराडजवळच्या गोळेश्वरला वाकून नमस्कार! तिथले खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला कुस्तीचं ब्राँझ पदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कृष्णाकाठच्या तालमीत आजही खुराक म्हटलं की दूध, तूप आणि बदामाची थंडाई हीच नावं आधी येतात.

आता सांगलीतलं भिलवडी. भास्कर गणेश चितळे साताऱ्याजवळच्या लिंबगोव्याहून इथे आले आणि 1939 मध्ये दुधाचा धंदा मांडला. शेजारी कृष्णेचं पाणी, हाकेवर रेल्वे. लोकेशन फिट! 1950 मध्ये पुण्यात दुकान निघालं आणि पुढचं सगळं तुम्ही खाल्लेलंच आहे. माहीत आहे का, याच भिलवडी परिसरातल्या म्हशींच्या कानात इलेक्ट्रॉनिक टॅग आले आणि त्यांच्या तब्येतीची नोंद कॉम्प्युटरवर गेली? म्हशीपुढे इंटरनेट वाचायला निघाला हा भाग!

साताऱ्याला गेलात आणि कंदी पेढा न आणता परतलात, तर घरचे दार उघडणार नाहीत. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर पुन्हा पुन्हा परतायचा. आधी पांढरा, मग बदामी, मग तांबूस. साखर बेताची, वेलदोडा, जायफळ. तो खमंग रंग येतो दुधातली प्रथिनं आणि शर्करा तापल्यावर त्यांच्यात रासायनिक क्रिया झाल्यामुळे. भाकरीचा पापुद्रा खरपूस होतो, तोही याच केमिस्ट्रीनं. ‘कंदी’ हे इंग्रजी ‘कँडी’वरून आलं, असं साताऱ्यात मोठ्या प्रेमानं सांगतात. रोज मात्र एकच हं!

खरवस जिलेटीनशिवाय घट्ट कसा होतो, माहीत आहे का? नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकात रोगप्रतिकारक प्रथिनं खच्चून भरलेली असतात. वाफेवर ती गोठतात आणि तयार होतं निसर्गाचं पुडिंग. पण त्या चिकावर पहिला हक्क वासराचा किंवा रेडकाचा. त्यांच्या आतड्यातून ही प्रथिनं जन्मानंतर जेमतेम पहिल्या दिवसातच अंगी लागतात. त्यांचं पोट भरल्यावरच आपली वाटी.

सांगली म्हणजे हळद! 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय टॅग मिळाला. जवळच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. आत प्राणवायू फारच कमी, मग कीड लागणार कुठून? परदेशी कॅफेत ‘टर्मरिक लाटे’ म्हणून मिरवतं ते आपलं हळदीचं दूधच. हळदीतलं कर्क्युमिन स्निग्धांशात विरघळतं, म्हणून दुधाची सोबत मोलाची. वर चिमूट मिरपूड टाका, ते शरीरात जास्त शोषलं जातं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही आपली राष्ट्रीय संशोधन परिषद लढली आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. टाळ्या!

आता गिअर बदलू, कारण दुधाचंही एक उणं आहे. त्यात लोह जवळजवळ नसतंच. आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही गंमत नाही, म्हणून नीट वाचा. पालेभाजी, डाळ यांच्यावर लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागतं. मांसातलं लोह त्याहून सहज शोषलं जातं. महाराष्ट्रात 2015 पासून गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणून इथे कायदेशीर बीफ म्हणजे म्हशीचं मांस. व्यापारात त्याला ‘कॅराबीफ’ म्हणतात. फिलिपिन्समधल्या ‘कॅराबाओ’ म्हशीवरून आलेला हा शब्द! चरबी कमी, लोह, जस्त आणि बी-12 भरपूर. ज्यांच्या घरात ते शिजतं, त्यांनी तेल कमी आणि रस्सा पातळ ठेवला तर ते रोजचं पौष्टिक जेवण आहे. मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ‘चान्या’ करत. फ्रीजविना टिकणारं प्रोटीन! लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 च्या पुस्तकात तिथलं हे खाद्यज्ञान मानानं नोंदवलं. वाचाच. फक्त लोहाच्या जेवणाला लागून दुधाचा ग्लास नको, कॅल्शियम लोहाची वाट अडवतं. दोन तासांनी प्या.

आणि शाकाहारी मंडळी, तुमच्यासाठी बी-12 चा मुख्य रतीब दूध-दह्याचाच. वनस्पतीत ते मिळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात रोज 300 मिलिलिटर दूध किंवा दही सुचवलंय. दूध पचत नाही? जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं तसंच असतं. दही खाऊन पाहा, विरजणातल्या जिवाणूंनी त्यातली थोडी दुग्धशर्करा आधीच फस्त केलेली असते. आणि कच्चं दूध कितीही ताजं असलं तरी उकळूनच प्या.

जाता जाता दह्याचं भांडं उघडा. वर हिरवट-पिवळं पाणी साचलंय? तो रंग बी-2 जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा आहे. ते मोरीत ओतू नका. उद्याच्या भाकरीच्या पिठात घाला.