विश्लेषण : सशाचे कातडे घरी कमावता येते का? रानातल्या सशाचे काय?

घरी पाळलेला ससा मांसासाठी कापला की त्याचे कातडे बहुधा उकिरड्यावर जाते. तुरटी, मीठ आणि धुण्याचा सोडा या साध्या दुकानी वस्तू वापरून ते केसांसह टिकवता येते. मात्र मुकुटबनसारख्या जंगलालगतच्या गावात आधी एक प्रश्न निकाली काढावा लागतो : ससा कोणता?

रानातला ससा का चालत नाही?

पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा मूळचा युरोपातला. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला या त्याच्या जाती. झरी-जामणीच्या शेतांतून, पडीक रानांतून पळणारा ससा वेगळा. त्याला वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चे संरक्षण आहे आणि शिकार सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

‘मी मारला नाही, गाडीखाली आलेला सापडला’ हे उत्तरही पुरत नाही. मेलेल्या वन्यप्राण्याचे कातडे सरकारी मालमत्ता ठरते; हाती आल्यास ४८ तासांत पोलीस किंवा वन विभागाला कळवावे लागते. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात गर्भवती वाघिणीला ठार करून तिचे पंजे कापून नेले होते. अशा भागात दोरीवर वाळणाऱ्या करड्या कातड्याची चौकशी झाली तर नवल नाही. सोव्हिएत चिंचिलाचा रंगही करडाच असतो. त्यामुळे सुरुवातीला पांढरा ससा बरा, आणि खरेदीची पावती जपून ठेवलेली बरी.

कमावणे म्हणजे नेमके काय?

कच्चे कातडे ओले राहिले तर सडते, वाळले तर पापडासारखे कडक होते. कमावल्यावर ते टिकते आणि मऊ राहते. महाराष्ट्रातील ढोर समाजाचा हा परंपरागत व्यवसाय. बाभळीची आणि तरवडाची साल, हिरडा यांत जनावरांची जाड कातडी मुरवली जात. या सालींचा तपकिरी रंग केसांना लागतो. म्हणून केसांसह ठेवायच्या कातड्याला तुरटी सोयीची.

कृती कशी?

चार लिटर कोमट पाण्यात साधारण ४५० ग्रॅम तुरटी विरघळवून गार करावी. दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात २२५ ग्रॅम मीठ आणि ११० ग्रॅम धुण्याचा सोडा. हे पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी हळूहळू, ढवळत ओतावे; घाई केली तर फेस भसकन वर येतो. भांडे प्लास्टिकचेच, ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडी नको.

कातडे गार पाण्यात धुऊन, चरबी काढून या द्रावणात बुडवावे आणि दिवसातून दोन-तीनदा हलवावे. सशाचे कातडे फार पातळ. ओल्या, ताज्या कातड्यावर सुरी घासली तर ते फाटते. दोन दिवसांनी बाहेर काढल्यावर आतला पातळ पडदा बोटांनी सोलून निघू लागतो. तो काढून कातडे पुन्हा दोन-तीन दिवस ठेवावे. मानेजवळ कडेला छोटी चीर देऊन पाहावे : आतपर्यंत पांढरे दिसले की झाले.

पुढचे काम हातांचे आहे आणि कंटाळा तिथेच येतो. कातडे धुऊन, न पिळता पाणी दाबून काढावे, आतल्या बाजूला तेलाचा पातळ हात द्यावा आणि सावलीत टांगावे. अर्धवट ओले असतानाच ते खुर्चीच्या पाठीवर पुन:पुन्हा घासून ताणावे. हे टाळले तर चार दिवसांची मेहनत पुठ्ठ्यासारखी हाती येते.

कोणत्या दिवसांत करावे?

हिवाळ्यात. केस तेव्हा दाट असतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात कच्चे कातडे काही तासांतच खराब होऊ लागते आणि केस मूठभर हाती येतात. उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये.

तुरटीचे कातडे धुता मात्र येत नाही. पाण्याने तुरटी निघून जाते आणि ते पुन्हा कच्च्यासारखे कडक होते. त्यामुळे टोपीचे अस्तर किंवा भिंतीवरची शोभा चालेल, पावसात घालायची चप्पल नाही.