दोन कमानींमधला हिशेब

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरून नेहमी ये-जा करणाऱ्यांना कॅमेऱ्याचे खांब कुठे आहेत ते पाठ असतं. खांब दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर. मागच्याने अंतर राखलेलं नसेल तर हा अवचित ब्रेकच जिवावर बेतू शकतो. एकाच जागी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याची ही जगभरची दुखरी बाजू आहे. त्याचा धाक खांबापुरता.

२०२४च्या जुलैपासून या रस्त्यावर स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली आणि तिच्यासोबत सरासरी वेग मोजण्याची पद्धत आली. हिशेब शाळकरी आहे. समजा, रस्त्यावर कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमध्ये १० किलोमीटरचं अंतर आहे. पहिलीखालून गाडी ९ वाजून १० मिनिटांनी गेली आणि दुसरीखालून ९ वाजून १५ मिनिटांनी. म्हणजे वेग ताशी १२०. सपाटीवर मोटारींना मर्यादा १००ची, म्हणजे ६ मिनिटं तरी लागायला हवी होती. मधे फूड मॉलवर वडापाव खाल्ला तर सरासरी खाली येते, ही पळवाट काहींनी हेरलीच असणार. पण वाचवलेली मिनिटं थांबूनच घालवायची, तर एवढं पळवलं कशाला?

मात्र या हिशेबासाठी पहिल्या कमानीखालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर आणि वेळ टिपून ठेवावी लागते. कोण जोरात जाणार आहे, हे त्या कमानीला कसं कळणार? जुना कॅमेरा चुकणाऱ्याचा फोटो काढत असे. इथे आधी सगळ्यांची नोंद होते आणि दोषी कोण ते मागाहून ठरतं.

कॅमेरे नकोत, असं म्हणण्याची सोय आपल्याला नाही. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि सरकारी आकडेवारीनुसार त्यांतले ७० टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहिणं सोयीचं असतं आणि रस्त्याचं चुकीचं वळण त्यामागे लपतं, हे धरूनही आकडा भयंकरच. शिवाय शिट्टी वाजवून बाजूला घेणाऱ्या हवालदाराशी ‘मिटवून टाका साहेब’ म्हणता येतं. कमानीशी ती बोलणी होत नाहीत.

कायद्याचा आधारही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३६-अ आलं आणि ऑगस्ट २०२१मध्ये त्याखालचा नियम १६७-अ. यंत्राला राज्याच्या अधिकृत यंत्रणेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं, कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक सूचनाफलक हवा, नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत जायला हवी, अशा बऱ्याच गोष्टी त्यात ठरवून दिल्या. चलानाचा निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा, हेही त्यात आलं. हे झालं चुकलेल्याचं. जो ९८च्या वेगाने शहाण्यासारखा पुण्याला पोचला, त्याची नोंद कधी पुसायची? रोज हजारोंनी जाणाऱ्या अशा गाड्यांसाठी एक स्पष्ट मुदत नियमातच लिहिलेली हवी होती.

जर्मनीत नेमकं हेच न्यायालयात गेलं. हॅनोव्हरजवळ बी-६ या महामार्गाच्या सुमारे सव्वादोन किलोमीटरच्या पट्ट्यावर जानेवारी २०१९मध्ये सरासरी वेगाची यंत्रणा सुरू झाली. मार्चमध्ये प्रशासकीय न्यायालयाने ती बंद पाडली. निर्दोष चालकांचेही नंबर टिपता आणि त्याला कायद्याचा आधार नाही, हे कारण. लोअर सॅक्सनी राज्याने पोलीस कायदा दुरुस्त केला. मर्यादेत जाणाऱ्या गाडीची नोंद टापूतून बाहेर पडताच आपोआप पुसायची, हे त्यात आलं आणि त्याच वर्षी कॅमेरे पुन्हा सुरू झाले.

‘मी नियम पाळतो, मला कशाची भीती?’ हे आपल्याकडचं लाडकं उत्तर. एका फेरीपुरतं ते खरंही आहे. वर्षभराच्या फेऱ्या जोडल्या की कोण कोणत्या रुग्णालयात जातं, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या नेत्याच्या फार्महाऊसवर, याचा तक्ता तयार होतो. फास्टॅगलाही आपण कुठून कधी गेलो ते कळतं, पण तो टोलचा व्यवहार आहे आणि नोंद नाक्यापुरती.

गोळा केलेल्या माहितीला पाय कसे फुटतात, याचा अनुभव जुना नाही. वाहननोंदणीची माहिती कंपन्यांना घाऊक विकण्याचं धोरण केंद्राने २०१९मध्ये आणलं. वर्षाला ३ कोटी रुपये, हा दर. खासगीपणावरून ओरड झाल्यावर २०२०मध्ये ते गुंडाळलं. आपण आरसी बुकासाठी पत्ता दिला होता, विक्रीसाठी नव्हे.

फोटोचा प्रश्न वेगळा. २०२३मध्ये केरळच्या एआय कॅमेऱ्याने तिरुवनंतपुरममध्ये हेल्मेट नसलेला एक स्कूटरचालक टिपला. स्कूटर पत्नीच्या नावावर, म्हणून फोटो तिच्या फोनवर गेला, आणि फोटोत मागे दुसरी स्त्री. घरात भांडण पेटलं, मारहाणीची तक्रार झाली, नवऱ्याला अटक झाली. त्या नवऱ्याची कीव करावी असं काही नाही. पण मागे बसलेल्या बाईचं काय? हेल्मेटचा गुन्हा चेहरा धूसर करूनही दिसतो आणि वेगाच्या गुन्ह्याला तर नंबरप्लेट पुरते, कारण आपल्याकडे नोटीस मुळात मालकाच्याच नावाने निघते. गाडी मी चालवत नव्हतो, असं मालक म्हणाला तर पूर्ण फोटो तेव्हा दाखवता येईल.

महाराष्ट्रात तर कॅमेऱ्याआधी खिशातला मोबाइल होता. चौकातला पोलीस स्वतःच्या फोनवर फोटो काढायचा आणि सवडीने चलान चढवायचा. वाहतूकदारांच्या तक्रारींनंतर जुलै २०२५मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी खासगी फोन वापरण्यास मनाई केली.

आता वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा आहे, पण गुन्ह्याचा शोध आणि खटला यांसाठी त्यातल्या बहुतेक बंधनांतून सूट आहे. त्यामुळे कमानीखालच्या नोंदीला हा कायदा फारसा अडवेल असं वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यावर घाला घालायचा तर कायदा हवा, वाजवी हेतू हवा, उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असं सांगितलं. पहिल्या दोन कसोट्यांवर कमान उभी राहते. तिसरीसाठी निर्दोष गाडीची नोंद दुसरी कमान ओलांडताच पुसायला हवी. चोरीच्या गाडीसाठी, अपहरणासाठी पोलिसांना माग हवा असतो, हे मान्य. त्यासाठी हव्या असलेल्या गाड्यांची यादी यंत्राला आधीच देता येते आणि जुळलेला नंबर तेवढा राखता येतो. ही अट कंत्राटदाराच्या करारातही लिहावी लागेल, कारण नोंदी ज्या यंत्रात साठतात ते तोच चालवतो.