पल्सला थांबवून ठेवणारा डायोड

संपादकांनी मागितला होता वैश्विक किरणांवरचा लेख. त्यासाठी ‘कॉस्मिकवॉच’ या टेबलावर मावणाऱ्या म्यूऑन-शोधकाचे आराखडे उघडले आणि नजर अडकली ती एका डायोडवर.

इतिहास थोडक्यात. एमआयटीत स्पेन्सर अक्सानी आणि जॅनेट कॉनरॅड यांनी पोलंडमधल्या सहकाऱ्यांसह हे यंत्र घडवलं. खर्च साधारण 100 डॉलर, आराखडे सर्वांना खुले. आत 5 सेंटिमीटर चौरस, 1 सेंटिमीटर जाड अशी सिंटिलेटर प्लॅस्टिकची वडी. तिच्यातून कण गेला की क्षणभर प्रकाश पडतो आणि तो टिपायला वडीला चिकटवलेला सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर असतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन, म्हणजे वैश्विक किरणांतून जन्मलेला कण, जातो, म्हणजे या वडीतून पंचवीसेक. पाहुणे भरपूर, पंचाईत आहे ती त्यांना मोजणाऱ्याची.

मोजतो अर्डुइनो नॅनो. त्याला एक व्होल्टेज वाचायला सुमारे 100 मायक्रोसेकंद लागतात आणि फोटोमल्टिप्लायरकडून येणारी विजेची पल्स तर अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास संपते. एका वाचनाच्या वेळात अशा दोनशे पल्स मावतील.

म्हणून आधी अॅम्प्लिफायर आणि मग पीक डिटेक्टर: ऑप-अॅम्प, डायोड, कपॅसिटर, रेझिस्टर. पल्स चढते तसा ऑप-अॅम्प डायोडमधून कपॅसिटर भरतो. ती उतरू लागली की डायोड परतीची वाट अडवतो आणि शिखराचं व्होल्टेज आत कोंडलेलं राहतं. काखेतून काढल्यावरही पाऱ्याचा थर्मामीटर ताप दाखवत राहतो, तसंच हे. झटकायचं काम इथे रेझिस्टरकडे. डायोडवर एरवी वाया जाणारे काही दशांश व्होल्ट फीडबॅकमध्ये घेऊन भरून काढले जातात. ही युक्ती मला फार आवडली.

पण कपॅसिटर केवढा घ्यायचा? 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर 100 नॅनोसेकंदांत 1 व्होल्टपर्यंत भरायचा तर 100 मिलिअँपिअर लागतात. छोट्या ऑप-अॅम्पला ते झेपत नाही. शिखर गाठण्याआधीच पल्स ओसरते. 1 नॅनोफॅरड घ्या, 10 मिलिअँपिअर पुरतात. मात्र तो रिकामाही लवकर होतो, मग रेझिस्टर वाढवावा लागतो. दुकानात सहज मिळणारा एलएम358 हा ऑप-अॅम्प इथे कुचकामी: अर्ध्या मायक्रोसेकंदात त्याचं आउटपुट पाव व्होल्टच्या आसपासच हलतं. कॉस्मिकवॉचमध्ये 325 मेगाहर्ट्झचा एलटी1807 घातलाय तो उगाच नव्हे.

एवढं करूनही आकडा निर्भेळ नसतो. अर्डुइनो वाचायला बसतो तोवर कपॅसिटर गळू लागलेला असतो. मोठ्या पल्सना अॅम्प्लिफायर छताला टेकतो आणि सगळ्या सारख्याच उंचीच्या दिसतात. प्रकाश टिपणारा सेन्सर उन्हाळा-हिवाळाही जाणतो: तापमान अंशाने वाढलं की त्याचं ब्रेकडाउन व्होल्टेज सुमारे 21 मिलिव्होल्टने चढतं. नागपुरातल्या मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत 30 अंशांचा फरक धरला, तर ब्रेकडाउनच्या वरच्या ज्या पाचेक व्होल्टच्या जादा ताणावर सेन्सर चालतो, त्यातले 0.6 व्होल्ट तापमानापायीच गेले. या आकड्याला कणाची ऊर्जा म्हणणं म्हणजे जरा औदार्यच.

वर, हा सेन्सर अंधारातही आपणहून पल्स सोडतो. शिवाय भिंतीतल्या, मातीतल्या किरणोत्सर्गाच्या पल्सही त्यात मिसळतात. त्यावर तोड अशी: दोन यंत्रं एकावर एक ठेवायची आणि दोन्हींत एकाच वेळी आलेल्या पल्सच म्यूऑन मानायच्या.

राहिला मृतकाळ. स्क्रीनवर आकडे उमटवण्यात अर्डुइनो गुंतला की पल्स आली काय नि गेली काय, त्याला पत्ता नसतो. म्हणून प्रोग्रॅम तो वेळही मोजत राहतो आणि दर काढताना एकूण वेळेतून वजा करतो.