कायदा न करणारी संसद : स्ट्रासबर्गच्या ‘पेस’ची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. आजचा प्रश्न सोपा आहे : जिला एकही कायदा करता येत नाही, त्या संसदेचा उपयोग काय?

अशी एक संसद फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात भरते. तिचं नाव पार्लमेंटरी असेंब्ली ऑफ द काउन्सिल ऑफ युरोप. एवढं कोण म्हणणार? म्हणून ‘पेस’. एक घोळ आधीच निस्तरतो. ही युरोपियन युनियनची संसद नव्हे. तीही स्ट्रासबर्गलाच भरते, दोन्हींचा झेंडाही एकच, त्यामुळे भलेभले गोंधळतात. युनियनमध्ये २७ देश आहेत. काउन्सिल ऑफ युरोपमध्ये मात्र ४६, अगदी ब्रिटन, तुर्की आणि युक्रेनसुद्धा. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, लोकशाही आणि मानवी हक्क जपायला ही संघटना उभी राहिली.

पेसमध्ये ३०६ सदस्य असतात आणि तेवढेच राखीव. त्यांना लोक थेट निवडून देत नाहीत. प्रत्येक देशाची संसद आपल्याच खासदारांची टीम पाठवते, आणि त्यात विरोधी पक्षालाही जागा द्यावी लागते. लोकसंख्येप्रमाणे कमीत कमी २, जास्तीत जास्त १८. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बसायची पद्धत. देशाप्रमाणे नाही, पक्षाप्रमाणेही नाही, तर नावाच्या अक्षरांप्रमाणे. म्हणजे आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं!

अधिवेशन वर्षातून चार वेळा, साधारण आठवडाभर. खरं काम चालतं समित्यांमध्ये. एखादा विषय एका सदस्याकडे सोपवतात. तो माहिती गोळा करतो, रिपोर्ट लिहितो, समितीत त्याची चिरफाड होते आणि मग सभागृहात मतदान. डिक मार्टी या स्विस सदस्याकडे असाच एक विषय आला : अमेरिकेच्या सीआयएचे युरोपातले गुप्त तुरुंग. छापे टाकायचा अधिकार नाही, कुणाला समन्स काढता येत नाही. तरी विमानांच्या नोंदी तपासत त्याने २००६ आणि २००७ मध्ये दोन रिपोर्ट दिले. पोलंडने सगळं नाकारलं. पण २०१४ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने पोलंडलाच जबाबदार धरलं.

आता या न्यायालयाचे न्यायाधीश कोण निवडतं? पेसच! प्रत्येक देश तीन नावं देतो, पेस त्यातलं एक निवडते. मुदत ९ वर्षं, आणि पुन्हा संधी नाही. म्हणजे कायदा करता येत नाही, पण निकाल देणारा माणूस कोण, हे ठरवता येतं.

दुसरी ताकद दारावरची. नवा देश आत घ्यायचा तर पेसचं मत विचारतात. १९९४ पासून पेसने अटच घातली : आत यायचंय? मग मृत्युदंड थांबवा. आज या ४६ देशांत कुठेही मृत्युदंड दिला जात नाही.

पण दारावर उभं राहणं सोपं नसतं. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, तेव्हा पेसने रशियन टीमचा मतदानाचा हक्क काढून घेतला. रशियाने येणंच बंद केलं आणि पुढे वर्गणीही थांबवली. २०१९ मध्ये पेसने त्यांना परत घेतलं. युक्रेनचे सदस्य भडकले, ‘पैशापुढे झुकलात’ असा आरोप झाला. परत घेणाऱ्यांचा मुद्दा असा की, रशिया बाहेर गेला तर सामान्य रशियन माणसाने आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागायची कुठे?

मग २०२२ चं युद्ध आलं. १५ मार्चला पेसने ठराव केला की रशिया आता सदस्य राहू शकत नाही. बाजूने २१६, विरोधात शून्य, तटस्थ ३. दुसऱ्याच दिवशी सदस्य देशांच्या सरकारांनी रशियाला बाहेर काढलं. आणि १६ सप्टेंबर २०२२ नंतर जे काही घडेल, त्यासाठी रशियन नागरिकांना त्या न्यायालयाचं दार बंद झालं.

मला विचाराल तर २०२२ चा निर्णय टाळता येण्यासारखा नव्हता. पण शिक्षा सरकारला झाली आणि छत्र गेलं ते नागरिकाचं, हेही तितकंच खरं. तुम्ही त्या सभागृहात असता तर २०१९ ला काय मत दिलं असतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर, ऐकत राहा!