गिटारची मान

इलेक्ट्रिक गिटारचे रंगीत अंग आपण पाहतो, पण हाताने गिटार घडवणाऱ्याची कसोटी लागते ती तिच्या मानेपाशी. सहा तारा मिळून या लाकडाला चाळीस किलोंहून अधिक जोराने ओढतात. ते वाकू नये म्हणून मानेच्या पोटात पोलादी सळई बसवतात. तिचा ताण कमीजास्त करण्याच्या युक्तीचे पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळाले.

मग पडद्यांचा हिशेब. फेंडरच्या नेहमीच्या मापात तारेची लांबी ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले, की पहिला पडदा सुमारे ३६.४ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भाजक. असे करत बाराव्या पडद्यावर तार बरोबर निम्मी होते.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारचे पडदे खाचेत ठोकलेले. करवत दोन मिलिमीटर सरकली, तर वरच्या पडद्यांवर कानाला लगेच खटकते. मी कवी माणूस. मात्रा चुकली तर ओळ खोडून पुन्हा लिहितो. कारागिराला खाच खोडता येत नाही.

शेवटी मानेची पाठ. ज्याच्यासाठी गिटार, त्याचा पंजा पाहून कारागीर ती कानशीने गोलावतो, थांबून थांबून हात फिरवून पाहतो. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, हे त्याला ठाऊक असते.